उलटी फिरणारी गिटार

आबांच्या दुकानात मोटार आणली की आधी ती तोंडानं वाजवून दाखवावी लागे. म्हणजे टेम्पोतून उतरवायची, ओट्यावर ठेवायची, आणि मग मालकानं आबांच्या पुढ्यात उभं राहून ती विहिरीत कसा आवाज करते तो काढून दाखवायचा. पिकल्या मिशांचे, गावात ज्यांच्यापुढं कुणी वर मान करून बोलत नाही असे पाटीलसुद्धा तिथं "घूँऽऽ खर्रर्र, घूँऽऽ खर्रर्र" करताना मी पाहिलेत. आबा स्टुलावर बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत. हसत नसत. झालं की म्हणत, "आजून एक डाव." की पाटलांचं पुन्हा घूँऽऽ.

मग आबा मोटारीला तांब्याच्या तारेनं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधत. त्यावर मालकाचं नाव नसे, गाव नसे. पेन्सिलीनं ओढलेली एक रेघ असे. कुठं करवतीच्या दातांसारखी, कुठं लाटेसारखी, कुठं मधेच तुटलेली. त्या रेघेवरून कुठली मोटार कुणाची हे त्यांना पाठ.

"आबा, नाव लिहीत जा की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "नाव त्याना बापनी ठेयेल शे. दुखनं मोटारनं शे."

धुळ्यात देवपूरला, पांझरेकडं उतरणाऱ्या एका रस्त्यावर हे मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा धंदा. मी तिथं पंप घेऊन गेलो नव्हतो. मी गेलो होतो गिटार घेऊन, आणि तेही रस्ता चुकून.

मी रावेर तालुक्यातला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. घरी कुणी मारलं नाही की रडलं नाही, म्हणून ते जास्त लागतं. त्यानंतर केळीच्या घडांची हमाली. दुपारच्या सुट्टीत ट्रकच्या सावलीत बसून मोबाईलवर बघून बघून एका फुटक्या लाकडी गिटारवर बोटं फिरवायला शिकलो. धुळ्याच्या एका बँडमास्तरांनी आमच्याकडच्या एका लग्नात मला वाजवताना ऐकलं. ते म्हणाले, "हात बरा आहे. पण हे खोकं माझ्या ढोलापुढं मुंगीएवढंसुद्धा ऐकू येणार नाही. इलेक्ट्रिक गिटार आण. गुरुवारी तालीम आहे. सगळा बँड वाजत असताना मैदानाच्या टोकाला मला तू ऐकू आलास, तर लग्नसराईभर माझ्यासोबत. नाहीतर भाऊ, तुझी केळी आणि तू."

दोन वर्षांची हमाली घेऊन सोमवारी जळगावला गेलो आणि एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. विकणारा पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचा, आता मोबाईलची कव्हरं विकत होता. गिटार लाल, कोपऱ्यावर रंग उडालेला. मान सरळ, तारा नव्या. त्यानं दुकानातच वाजवून दाखवली, छान वाजली. देताना सहज म्हणाला, "पिकअप तेवढे बदलून घे. हे जुने आहेत. मग बघ."

ज्यांनी गिटार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारांखाली दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की तिचं हलणं त्या वेढ्यांना कळतं, आणि ते पुढं स्पीकरला सांगतात. त्या पट्ट्यांना पिकअप म्हणतात. माझ्या गिटारला दोन होते. शेजारच्या खटक्यानं कधी हा, कधी तो, आणि मधे ठेवला तर दोन्ही एकदम चालू करता येत.

धुळ्यात बँडच्या खोलीवर येऊन मी स्पीकर जोडला आणि खटका मधे ठेवला. दोन्ही चालू म्हणजे आवाज भरायला हवा. तो उलट आटला. डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. ढोलापुढं तो जाणार कसा! एकेकटा पिकअपही पुरत नव्हता. एक नुसता टोचायचा, दुसरा नुसता घुमायचा. जळगावच्या दुकानात एकच लावून वाजवली होती, तिथं तेवढाच भरला. मला विक्रेत्याचं बोलणं आठवलं. बदलायलाच पाहिजेत. मोबाईलवर शोधलं तर परदेशी पिकअपांची इतकी नावं, इतके व्हिडिओ, प्रत्येक जण म्हणतोय हा टाकल्याशिवाय गिटार म्हणजे लाकूड. ते मागवायचे तर गुरुवार टळून जाणार, आणि जवळ होतं ते जळगावलाच संपलेलं. तरी वाटलं, धुळ्यात कुणीतरी करत असेल, जुन्यातून काही देत असेल.

म्हणून मंगळवारी सकाळी बसस्टँडबाहेर चहावाल्याला विचारलं, "पिकअपचं काम कुठे होतं?"

त्यानं मनापासून पत्ता सांगितला. मी गेलो तर तिथं चार पिकअप उभ्या. मालवाहू गाड्या! आमच्याकडं पिकअप म्हणजे केळी, कापूस आणि वऱ्हाड वाहणारी गाडी, हे मी गिटारच्या नादात विसरलो होतो. गाडीखालून एक मिस्त्री घसरत बाहेर आला.

"कुठं आहे गाडी?"

"गाडी नाही. पिकअप बदलायचेत. दोन."

"दोन पिकअप, आणि गाडी नाही." त्यानं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं. "त्यात घडी घालून आणल्यात का?"

सगळं गॅरेज हसलं. मी कानापर्यंत तापलो. पण त्या मिस्त्रीनंच मग पिशवी उघडायला लावली, चुंबक काय, तार काय, नीट विचारून घेतलं आणि एकदम गंभीर झाला. "अरे, ही तर वाइंडिंग झाली. आबांकडे जा. देवपूरला. पण एक सांगतो, त्यांच्याशी मागून बोलू नको. चिडतात."

ते खरंच होतं. आबांच्या चमत्कारिकपणाच्या जितक्या गोष्टी तितकी माणसं. पाठीमागून कितीही हाका मारा, वळत नसत. "लई माज," असं नवीन माणूस म्हणे. कुणी आडून बोललं की म्हणत, "म्होरे ईसन बोल." चालू मोटारीला ते कधी कान लावत नसत. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवत आणि मूठ आपल्या कानामागच्या हाडाला. डोळे मिटून उभे राहत. मग सांगत, खालची बेअरिंग, किंवा पाण्यात रेती आहे, किंवा मोटार चांगली आहे आणि मालकच घाई करतो.

फोनचंही तसंच. सगळं जग फोन कानाला लावतं, आबा कानामागं, हाडावर दाबून धरत. मी दुकानात शिरलो तेव्हा ते तसेच उभे होते आणि ओरडत होते, "पाइपले लाव फोन! पाइपले!"

धरणगावकडचा कुणी शेतकरी होता. मोटार फिरते, पण पाणी करंगळीएवढं येतं, ही तक्रार. दुसरीकडं कुणीतरी त्याला मोटार बदलायला सांगितली होती. आबांनी पाइपातली घरघर ऐकली.

"काल लाइनमन ऊना व्हता का तुना तठे?"

आला होता, असं उत्तर आलं असावं.

"त्यानी वायरी उलट्या लावी दिन्यात. मोटार उलटी फिरी राहिनी. तीन वायरीमाधला कोनत्याबी दोन आदलाबदल कर. कर, आनि माले सांग."

पाच मिनिटांनी फोन आला. आबांनी तो कानामागं धरला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्या टोकाचं पाणी मला देवपुरात बसून दिसलं. उलटी फिरली तरी मोटार फिरतेच, आवाज करते, गरम होते. बघणाऱ्याला वाटतं बिचारी मर मर मरतेय पण हिच्यात जोर नाही. आणि इलाज म्हणजे दोन वायरींची जागा बदलणं. केवढ्या अंतरावरून, विहिरीच्या तळातलं, एका हाडानं!

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय शे?"

"आबा, माझ्या गिटारचे पिकअप बदलायचेत."

"बदलानं सांगाले ऊना का?" ते स्टुलावर बसले. "इलाज नको सांगू. दुखनं सांग."

हे त्यांचं खास वाक्य. येणारा प्रत्येक जण इलाज घेऊनच येतो, म्हणत: वाइंडिंग जळालंय, बदला. बेअरिंग गेलीय, बदला. दुखणं कुणी सांगत नाही, कारण ते सांगायला आधी ते नीट ऐकावं लागतं.

मी सांगायचा प्रयत्न केला. बारीक वाजते, जोर नाही, जुने आहेत... आबांनी हात वर केला.

"वाजाडी दखाड. तोंडघाई."

म्हणजे तोंडानं वाजवून दाखव. मागं बाकड्यावर तीन-चार शेतकरी बसलेले. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. वर्गात फळ्यापुढं उभं केलं की माझी अशीच जीभ चिकटायची. पण गुरुवार डोळ्यापुढं होता. मी तोंड उघडून, नाकातून, जमेल तसं काढलं, "ट्यँऽऽव."

बाकडं हसलं. "आबा, हाई तं मांजर शे!" एक जण म्हणाला. आबा हसले नाहीत. "आजून एक डाव." मी पुन्हा ट्यँव केलं. ते माझ्या ओठांकडं असे बघत होते, जसं माझ्याआधी कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं. मग त्यांनी पुठ्ठा घेतला, त्यावर एक बारीक, पोट नसलेली रेघ काढली, आणि गिटारच्या मानेला तारेनं बांधली.

"कोठला शे?"

"रावेरचा."

"मंग, केयी खाईसन मोठा व्हयना." आम्ही रावेरकडचे लोक केळीला केयी म्हणतो, काळ्याला काया. त्यांच्या अहिराणीत आमचा ळ म्हणजे चेष्टेचा विषय. पण त्यांनी तो 'य' इतका अचूक लावला की मला घर आठवलं.

पुढचा प्रश्न आला, "शाळा कितली?"

मी खाली बघून पुटपुटलो. पुटपुटलेलं त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. "बुधवारे ये," एवढंच.

बुधवारी गेलो तर दुकानातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला माझी गिटार जोडलेली. आबांनी मला एक पिकअप चालू करून वाजवायला लावलं आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागं लावून टोक गिटारच्या अंगाला टेकवलं. मग दुसरा. मग दोन्ही. दोन्हीला त्यांच्या कपाळावर आठी आली.

"एकएकट्या चांगल्या शेतस. जोडीनी भांडतस."

"म्हणजे बदलायला लागतील?"

त्यांनी ऐकलंच नाही. पट्ट्या उघडल्या, मागच्या चार बारीक वायरी सोडवल्या आणि आपलं जुनं काट्याचं मीटर काढलं. एका पिकअपच्या वायरींना ते जोडलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकाला चिकटवलं आणि पटकन ओढलं. काटा उजवीकडं टुणकन उडाला. दुसऱ्या पिकअपला तसंच जोडलं, तसंच ओढलं. काटा डावीकडं.

"परत करा," मी म्हणालो. मला कशावरच एकदा बघून विश्वास बसत नाही. त्यांनी परत केलं. उजवीकडं. डावीकडं.

आधीच्या मालकानं कधीतरी एक पिकअप काढून पुन्हा बसवला होता आणि वायरी उलट जोडल्या होत्या. एक तार हलली की एक पिकअप म्हणायचा पुढं, दुसरा म्हणायचा मागं. दोघं एकमेकांचं खात होते. राहायचं ते उरलंसुरलं ट्यँव.

"धरणगावनी मोटार," आबा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात नव्हते. "बदलानं काम नही."

त्या एकाच पिकअपच्या दोन वायरींची त्यांनी अदलाबदल केली. सोल्डरिंगचे डाग दिले, टाक्यासारखे नेटके. पंपाची बोटाएवढी जाड वाइंडिंग ओढणारे ते हात, आणि ही तार जोरात श्वास सोडला तरी तुटेल अशी. डाग देताना त्यांनी श्वास धरला होता. मीही धरला होता.

खटका मधे केला आणि मी एक सूर छेडला.

कसं सांगू? विहिरीत पाणी लागतं तेव्हा खालून जो गार वारा वर येतो, तसा तो आवाज आला. दुकानातल्या उघड्या पडलेल्या मोटारी, टेबलावरचे नटबोल्ट, सगळं किणकिणलं. टोचणारं आणि घुमणारं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडलं. तीच गिटार, तेच पिकअप. आबांनी गिटारवर तळहात ठेवला होता. पुठ्ठ्यावरच्या बारीक रेघेखाली त्यांनी दुसरी रेघ काढली, गर्भार पोटासारखी गोल.

गुरुवारी तालमीला निघताना गिटार न्यायला गेलो. आबांनी तोंडाकडं बघूनच विचारलं, "जेवना का?"

"हो."

"खोटं. ओठ सुकी ग्यात तुना." आणि आतून अक्कांकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, भाकरी-मिरची मागवली. ती खाल्ल्याशिवाय गिटार हातात दिली नाही.

मैदानावर ढोल, ताशा, पॅड, सगळं एकदम सुटलं. मास्तर पार टोकाला बाभळीखाली जाऊन उभे. मी खटका मधे केला आणि वाजवायला लागलो. दुसऱ्या ओळीला बाभळीखालून त्यांचा हात वर गेला. पुढं तालीम संपेपर्यंत तो खाली आलाच नाही, असं मला आठवतं. एवढा वेळ कुणी हात वर धरत नाही हेही कळतं.

त्या आठवड्यात घरी जाऊन केळीचा आख्खा घड घेऊन आलो. पळत दुकानात शिरलो. आबा पाठमोरे बसून तार गुंडाळत होते. मी आनंदात मागूनच ओरडलो, "आबा! घेतलं मला! सीझनभर!" ते वळले नाहीत. मी आणखी जोरात ओरडलो. वेढे चालूच. घड खांद्यावर घेऊन मी उभा. वाटलं, रागावले. आपलं काय चुकलं?

अक्का आतून आल्या, मला बाजूला घेतलं.

"त्यास्ले ऐकू येत नही रे भाऊ. किती वरीस व्हई ग्यात. हाडवरथून येस तितलंच." मग दाराकडं बघून, हळूच, "कोनले सांगू नको. लोके काम देवाव नहीत."

मी त्या पाठीकडं बघत राहिलो. पाटलांची घूँ घूँ, माझं ट्यँव, म्होरे ईसन बोल, ओठ सुकी ग्यात. मी खाली बघून पुटपुटलेली नववी, जी त्यांना कधी दिसलीच नाही. आख्खा जिल्हा ज्यांच्या कानाची शपथ खायचा, त्या माणसाला कान नव्हता. होतं ते एक हाड, एक काटा आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघायची चिकाटी.

मी फिरून त्यांच्या पुढ्यात गेलो आणि सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवून.

"माहीत शे," ते म्हणाले. "तुना तोंडवर दखायनं. केयी ठेव तठे."

आता मी शिलाँगला असतो. बँड, मग ऑर्केस्ट्रा, मग एका कलाकाराच्या मागं मागं इतक्या लांब आलो. इथं पोरंपोरी गिटार घेऊनच जन्मतात असं वाटतं, आणि मी एका दुकानात त्यांच्या गिटारी दुरुस्त करतो. आमचं कुणीच नाही इथं, केळीसुद्धा बोटाएवढी. कुणी पिकअप बदलायला आलं की मी म्हणतो, आधी दुखणं सांगा. हिंदीत त्यांना ते नीट सांगता येत नाही, मग मी तोंडानं वाजवायला लावतो. हसतात, पण वाजवतात. माझ्यापाशी पुठ्ठे असतात.

आबांचं दुकान अक्कांच्या भाच्याकडं आहे. मोटारीला हात लावणं आबांनी गेल्या वर्षी आपणहून थांबवलं आणि बाकड्यावर सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं की माले ऐकू येत नही. लोक म्हणाले, आबा चेष्टा करतात. अजून फोन करतात.

परवा मी पहिल्यांदा एक पिकअप पूर्ण स्वतः गुंडाळला, पहिल्या वेढ्यापासून. गिटार इथल्या एका मोठ्या वादकाची. दुसऱ्या दिवशी तो न्यायला येणार होता, आणि आमच्या दुकानाच्या मालकानं एवढंच म्हटलं होतं की बिघडवलीस तर मला तोंड दाखवू नको. मी सतरा वेळा तपासली. मीटर बरोबर, काटा बरोबर. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी धुळ्याला व्हिडिओ कॉल लावला.

"काय रे, तुनी पिकअप चालू शे का?" आबांनी विचारलं. बाकड्यावरून कुणीतरी त्यांच्या पुढ्यात येऊन विचारलं, कोणती गाडी घेतली यानं? आबा बोळक्या तोंडानं हसले. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून हसू आवरलं. "वाजाड."

त्यांनी फोन उचलून कानामागं नेला. माझ्या पडद्यावर फक्त पांढरे केस आणि कानाची पाळी उरली. मी खटका मधे केला आणि एक सूर छेडला, तो विझेपर्यंत हात लावला नाही.

मग फोन पुढं आला, त्यांचं तोंड दिसलं.

"सुलटी फिरी राहिनी," ते म्हणाले. आणि माझ्या ओठांकडं बघून, "आते जेवी ले."